बावीस दिवसांची शंभरी

तोंगयोंग, १७ फेब्रुवारी २०१९

विहीणबाई,

पाकिटावरचं नाव बघून पत्र थेट चुलीत गेलं नसेल, तर आधी नमस्कार घ्या. मी बोंगसुन, मिरानची, म्हणजे तुमच्या सुनेची आई. मुलांच्या लग्नात आपण दोघी शेजारी बसलो होतो आणि तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "संडास आणि व्याह्याचं घर, जितकं लांब तितकं बरं." तेव्हा मी हसले होते. आता तुमचं उइसोंग आणि माझं तोंगयोंग यांच्यात इतकं अंतर पडलंय की म्हण खरी करून दाखवल्याबद्दल आपल्याला कुणीतरी बक्षीस द्यावं.

तिकडे अजून गारठा असेल. लसणाच्या वाफ्यांवरचं गवत काढलं नसेल. इथे कालवांचा हंगाम जोरात आहे. पहाटेपासून शेडमध्ये उभं राहायचं, डाव्या हातात शिंपला, उजव्या हातात सुरी. रबरी बूट घातले तरी गारवा गुडघ्यात चढतो. आज रविवार म्हणून बसायला मिळालं. गुडघ्यावर मिरानने पाठवलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून लिहिते आहे. फोन केला असता, पण थंडीत माझा आवाज बसलेला असतो, आणि तुम्ही उचलाल याची खात्री नाही.

लिहिण्याचं कारण दानबी. जावईबापू तुम्हाला सांगत असतील, पण ते पुरुषांच्या पद्धतीने सांगतात, "बरी आहे" म्हणतात आणि संपलं. मी आजीसारखं सांगते. पाच किलो भरली. मान धरते. उजव्या बाजूला निजवलं की चिडते, डाव्या बाजूला गप्प. दवाखान्यातून आल्यापासून श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, ती कमी झाली आहे. हसते, आणि हसताना अगदी तुमच्यासारखी एकच भुवई वर जाते. हे मी मिरानसमोर बोलले नाही.

मिरान अजून रागात आहे. तुमचं नाव काढत नाही. जावईबापू तुम्हाला फोन करायला खाली पार्किंगमध्ये जातात, हे तुम्हाला माहीत आहे का? स्वतःच्या आईशी बोलायला मुलाने गाडीत लपून बसावं!

डिसेंबरमधला तो दवाखान्याचा बोळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दानबी आत, नाकात नळी, आणि मिरान तुम्हाला म्हणाली, "तुमच्या त्या शंभर घरांनी माझ्या पोरीला काय दिलं ते बघा. आता परत येऊ नका." तुमच्या हातात शंभराव्या दिवशी शंभर घरी वाटून उरलेल्या तांदळाच्या पांढऱ्या भाकऱ्यांचा डबा होता. तुम्ही तो बाकावर ठेवलात आणि जिन्याने खाली गेलात, लिफ्टसुद्धा घेतली नाहीत. मी मिरानच्या शेजारी उभी होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

तब्येत जपा.

बोंगसुन


तोंगयोंग, ७ एप्रिल २०१९

विहीणबाई,

लसणाच्या लोणच्याची बरणी पोचली. चिठ्ठी नाही, ओळ नाही, नुसती बरणी. वर्तमानपत्रात इतकी गुंडाळलेली की सोडवायला अर्धा तास लागला. लोणचं छान आहे. पण माणसाने एखादं अक्षर तरी लिहावं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

तुम्ही बोलत नाही, तर मीच बोलते. मनात आहे ते सांगते, राग आला तर येऊ द्या.

चूक तुमची होती. निदान तिथून सुरू झाली. पोर ऑगस्टच्या चोवीस तारखेला आली, अकरा आठवडे आधी, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. ती देगूच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, आणि तुम्ही उइसोंगला तुमच्या फाटकावर डावा पीळ घातलेली गवताची दोरी बांधली. कोळसे, पाइनच्या डहाळ्या, सगळं रीतसर. एकवीस दिवस कुणाला आत येऊ दिलं नाहीत. पोस्टमनलासुद्धा बाहेरून हाक मारायला लावलीत म्हणे. विहीणबाई, घरात बाळ नव्हतंच! दोरीने रिकामं घर राखलं. आणि पोर घरी आली ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा दोरी कधीच उतरवून जाळून झाली होती. मिरानने विचारलं, पुन्हा बांधता का? तुम्ही म्हणालात, "दोरी एकदाच बांधतात. दुसऱ्यांदा बांधली तर बाळं देणाऱ्या सामसिन आजीला वाटेल दुसरं मूल आलं."

मग शंभरावा दिवस. मला तो फोन आठवतो, पोर अजून पेटीत असतानाचा. मिरानने आवाज मोठा ठेवला होता, मी शेजारी कांदे चिरत होते.

"आई, डॉक्टर म्हणतात, तिचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. नऊ नोव्हेंबरपासून. एक डिसेंबरला ती जेमतेम बावीस दिवसांची होते. शंभर कुठले?"

आणि तुम्ही म्हणालात, "बाई गं, काचेच्या पेटीतले दिवस कुणी दुसरं जगलं का? एकेक दिवस भांडून काढलाय माझ्या नातीने. ते मोजायचे नाहीत, तर कुठले मोजायचे?"

मी कांदे चिरायची थांबले. खरं सांगते, मला तुमचं पटलं. अजूनही अर्धं पटतं.

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते तुम्ही नीट ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, कारण मीच होते मिरानबरोबर. ती तरुण मुलगी, डोळ्यांखाली काळं, तीन रात्री झोपली नसेल. ती म्हणाली, "आजी, आई बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत शिदोरी बांधून देते. आईला आयुष्यात जे जे आजार झाले, ज्या लसी टोचल्या, त्या सगळ्यांशी लढायची ताकद आईच्या रक्तातून बाळात उतरते. पूर्ण दिवसांचं बाळ ही शिदोरी पोटभर घेऊन येतं. काही बाबतीत आईपेक्षाही जास्त. हिची गाडी आधीच सुटली. शिदोरी अर्धीसुद्धा बांधून झाली नव्हती."

मी विचारलं, "मग तिचं स्वतःचं अंग लढणार नाही का?"

"लढेल. पण तिचे शिपाई थोडे आहेत आणि शिकाऊ आहेत. जंतू ओळखायला वेळ लावतात, धावायला वेळ लावतात. कातडीसुद्धा पातळ, कुंपणच नाही म्हणा. मोठ्यांचा साधा खोकला हिच्यासाठी साधा नाही."

मिरानला डांग्या खोकल्याची लस सोमवारी टोचायची होती, म्हणजे ती शिदोरीत गेली असती. पोर त्याआधीच्या शुक्रवारी आली. दानबीला स्वतःला दोन महिन्यांची झाल्यावर पहिली टोचली, पण एका टोचणीत किती बळ येणार! म्हणून डॉक्टरीणबाई पहिल्यापासून सांगत होत्या, घरच्यांनी तिच्याभोवती कुंपण व्हायचं. आजी, आजोबा, मामा, जो कुणी तिला उचलणार, त्याने आधी लस टोचून घ्यायची.

हे सगळं सांगितलेलं असताना तुम्ही गावातल्या सहा बायका खोलीत आणल्यात. शेजारच्या पार्कदादांनीही डोकावून घेतलं, तोंडाला विडीचा वास आणि तो त्यांचा जुना खोकला. नऊ दिवसांनी पोर न खोकता निळी पडली. मोठी पोरं खोकतात, इतकी लहान श्वासच विसरतात. त्या डांग्या खोकल्याला आपण शंभर दिवसांचा खोकला म्हणतो, आणि तो शंभराव्या दिवसाच्या भाकरीबरोबर घरात शिरला.

लिहून टाकलं. आता बरं वाटायला हवं होतं.

बोंगसुन


तोंगयोंग, ९ जून २०१९

विहीणबाई,

हंगाम संपला. शेड धुऊन झाली, सुऱ्या तेल लावून ठेवल्या. बोटं अजून शिंपला धरल्यासारखी वाकडीच राहतात. दिवसभर काम नाही, त्यामुळे डोकं चालतं, आणि ते चालू नये असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात जावईबापूंनी सहज सांगितलं की तुमचे पार्कदादा आता गावच्या चावडीवर बसायला येत नाहीत. कुणी काही म्हटलं नाही, पण त्यांना खोकला आला की लोक उठतात. तुम्ही त्यांना रोज डबा नेऊन देता. आणि जावईबापू आणखी एक बोलून गेले. "आईने तर सप्टेंबरातच टोचून घेतली होती. दोन बस बदलून आरोग्य केंद्रात गेली. दाखला फ्रिजवर चिकटवलाय अजून."

मला वाटत होतं तुम्ही टोचली नसणार. खेड्यातली बाई, दोऱ्या बांधणारी, सामसिन आजीपुढे भात आणि शेवाळाचं सार ठेवणारी. मीच काय, मिरानलाही तेच वाटतं.

आता मी लिहिते ते एकदाच लिहिते. हात थांबायच्या आत.

मी टोचून घेतली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये गेले होते दवाखान्यात. खरंच गेले होते. पुढे अकरा माणसं होती. तेवढ्यात मुकादमीणबाईंचा फोन आला, पहिल्या कालवांची होडी लागलीय, कुठे आहेस? मी उठून आले. म्हटलं उद्या जाऊ. मग परवा. हंगामात उद्या नसतो. मिरानने फोनवर विचारलं, "आई, टोचलीस ना?" मी म्हणाले, "हो गं. दंड दुखतोय." दंड दुखतोय हे मी कशासाठी जोडलं, देव जाणे. खोटं बोलताना माणूस वर थोडं मीठ टाकतो. तिने दोन दिवसांत गरम पाण्याची पिशवी पाठवली, दंड शेकायला. तीच ही पिशवी. मी तिने आठ महिने गुडघे शेकते आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेडमध्ये खोकला आला. आम्ही सात जणी खोकत होतो. ओल, गारठा, सगळ्यांना दर वर्षी होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. रात्री उबळ आली की उलटी व्हायची. एक डिसेंबरला तुमच्याकडे निघताना मी खोकला दाबायच्या दोन गोळ्या घेतल्या. वाटेत आणखी एक. मी माझ्या नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायला चालले होते, विहीणबाई. पेटीत असताना काचेतूनच बघितली होती. घरी आली तेव्हा हंगाम. माझं मन म्हणालं, एवढ्याशाने काय होतंय, मी तीन पोरं वाढवली.

तुमच्या खोलीत मी तिला अर्धा तास धरलं. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. उबळ आली तशी तिला मिरानकडे दिली आणि मागच्या अंगणात रांजणांच्या आड जाऊन खोकले, रांजणाचं तोंड धरून.

नंतर आरोग्य खात्याच्या मुलीने फोन करून सगळ्यांना विचारलं. मलाही विचारलं, "आजी, तुम्हाला खोकला होता?" मी म्हणाले, "नाही." मिरान समोरच बसली होती. पार्कदादांचं नाव तिनेच सांगितलं. मी मान हलवली.

चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून तर मी तुम्हाला एप्रिलमध्ये एवढं लांबलचक सुनावलं.

आणि आता एक विचारते. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तुम्ही गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर एक बाटली ठेवलीत. नाशपाती आणि आल्याचा काढा. म्हणालात, "वाटेत घशाला." मी तुम्हाला घशाचं काही सांगितलं नव्हतं. तुम्ही मला रांजणांपाशी ऐकलं होतं का?

उत्तर देऊ नका. बरणी पाठवू नका. मला झेपणार नाही.

बोंगसुन


तोंगयोंग, १२ ऑगस्ट २०१९

विहीणबाई,

उत्तर देऊ नका म्हटल्यावर तुम्ही नेमकं माझं ऐकलंत. दोन महिने मी रोज टपालाची पेटी उघडून बघत होते.

काल देगूला मुलांच्या घरी जाऊन आले. मिरानला सांगितलं.

वाढदिवसाच्या तयारीची यादी फ्रिजवर होती. चोवीस तारखेला दानबीला वर्ष होतं. पाहुण्यांत तुमचं नाव नव्हतं, माझं सगळ्यात वर होतं. मिरान बाटल्या उकळत होती. दानबी जमिनीवर डाव आपटून वाजवत होती. मी तोंडाला मास्क लावून दारातच उभी राहिले.

"मिरान, तो पार्कदादांचा खोकला नव्हता. माझा होता."

"काय बोलतेस?"

"मी टोचलीच नव्हती. तुझ्या सासूबाईंनी टोचली होती. मी नाही."

तिने गॅस बंद केला. चिमट्याने एकेक बाटली बाहेर काढून ठेवली. मला वाटलं ओरडेल, म्हणजे मला सोपं जाईल.

"दंड दुखतोय म्हणालीस," ती म्हणाली.

"हो."

"मी तुला पिशवी पाठवली, आई."

"हो."

"दवाखान्यात मी सासूबाईंना हाकलून दिलं तेव्हा तू माझा हात धरला होतास. घट्ट. मला वाटलं, तू मला धीर देतेस."

 ती म्हणाली, "पाचची बस आहे." दानबी माझ्याकडे बघून डाव उंच करत होती. मी तिला हात लावला नाही.

जावईबापूंनी मला स्टँडवर सोडलं.  शेवटी गाडी थांबवून म्हणाले, "मी आठ महिने माझ्या आईला फोनवर फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारत होतो. दुसरं काही विचारायची भीती वाटायची." मग माझी पिशवी काढून दिली आणि वाकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे. त्या नमस्काराने मला जास्त लागलं.

बसमध्ये असतानाच त्यांचा निरोप आला. मिरानने तुम्हाला फोन केला होता. पहिल्यांदा रडली, मग तुम्हाला विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही म्हणालात, "खोकल्याचा आवाज मला कळतो. माझा धाकटा त्यानेच गेला." मिरानने विचारलं, मग बोलला का नाहीत? आणि तुम्ही म्हणालात, "सासू नसली तरी बाईचं चालतं. आजारी पोर मांडीवर असताना आई नसली की चालत नाही."

विहीणबाई, तुमचा धाकटा गेला हे मला माहीत नव्हतं. लग्न जमवताना कुणी बोललं नाही. त्याचे शंभर दिवस झाले होते का, हे विचारायचं धाडस मला होत नाही. मला वाटतं नसावेत. म्हणूनच तुम्हाला ते मोजायचे होते.

मी फार थकले आहे. पण झोप लागली काल, कित्येक महिन्यांनी.

बोंगसुन


तोंगयोंग, ३१ ऑगस्ट २०१९

विहीणबाई,

जावईबापूंनी वाढदिवसाचा फोटो पाठवला. तुम्ही जांभळ्या रेशमात, आणि दानबी तुमच्या मांडीवर. समोर रीतीने सगळं मांडलेलं, दोरा, तांदूळ, लेखणी. जो जिन्नस उचलेल तसं नशीब म्हणतात. आणि ही बया सगळं सोडून तुमच्या झग्याची फीत दोन्ही हातांनी ओढते आहे. एक भुवई वर. मागे कोपऱ्यात पार्कदादा दिसले, कोट घालून, मास्क लावून, भिंतीला चिकटून. त्यांना तुम्हीच आणलं असणार. मी फोटो मोठा करून करून बघितला. मिरानच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती कुणी उचलून नेली नाही, एवढंच मी बघितलं.

मिरानचा फोन नाही. मी वाट बघत नाही असं म्हणणार नाही.

परवा तुमचं खोकं आलं. वर पांढऱ्या भाकऱ्या, कपड्यात बांधलेल्या, प्रवासात कडक झालेल्या. खाली लसणाची माळ. आणि तळाशी वहीचा फाडलेला कागद. तुमचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. लहान मुलासारखं मोठं मोठं, ओळीबाहेर जाणारं. म्हणजे इतके दिवस तुम्ही लिहीत नव्हता तो राग नव्हता, निदान नुसता राग नव्हता. मी तुम्हाला पिळाची म्हण ऐकवली होती. माफ करा.

तुम्ही लिहिलं होतं: "टोचून घ्या. दाखला मला पाठवा. मिरानशी मी बोलते."

भाकरी वाफेवर मऊ करून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. पुढे चौदा माणसं होती. फोन घरी ठेवून गेले होते. नर्सने विचारलं, "आजी, नातवंडासाठी का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "वेळेवर आलात. पुष्कळ आज्या बाळ आजारी पडल्यावर येतात." मी बाही वर केली. दोन आठवडे थांबायला सांगितलं आहे, तोवर जोर धरते म्हणे. मी त्याहून जास्त थांबेन. मिरान म्हणेल तेवढं.

दाखला सोबत जोडला आहे. शिक्का नीट दिसतो का बघा, नसेल तर दुसरा आणते. मिरानला तुम्हीच दाखवा. माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. तिने काही विचारलं तर सांगा, तुझ्या आईचा दंड दुखतो आहे.

आज खरंच दुखतो आहे.

बोंगसुन